स्टिरॉइडने केस गळतायत म्हणून गोळी बंद करू का?

प्रश्न : मी ३४ वर्षांची, इचलकरंजीत राहते. मे महिन्याच्या शेवटी मला रोज संध्याकाळी ताप यायला लागला, हाताची बोटं सुजली, गालांवर लाल चट्टे आले. पाळीत रक्तस्राव खूप व्हायचा. प्लेटलेट ३८ हजारांवर आल्या तेव्हा जूनच्या मध्यावर आठ दिवस दवाखान्यात होते आणि ल्युपसचं, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याच्या आजाराचं, निदान झालं. प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड ४० मि.ग्रॅ. आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्विन सुरू झालं. ताप गेला, सांधे मोकळे झाले, प्लेटलेट दीड लाखाच्या वर आल्या. पण ऑगस्टच्या मध्यापासून केस गळायला लागले. महिन्यापूर्वी डॉक्टरांनी अझाथायोप्रिन ५० मि.ग्रॅ. जोडली आणि प्रेडनिसोलोन २० वर आणली. गेल्या दहा दिवसांत गळणं दुप्पट झालंय. न्हाल्यावर मूठभर गुंतवळ निघतं, भांग रुंद झालाय. वर चेहरा सुजलाय आणि गालांवर लव आलीय. जाऊबाई म्हणतात, स्टिरॉइडने टक्कल पडतं. माझ्या धाकट्या भावाचेही जिममधल्या स्टिरॉइडने पुढचे केस गेले, म्हणून मला पटलं आणि चार दिवसांपूर्वी मी २० ची गोळी मनानेच १० केली. आता पूर्ण बंद करू का? बायोटिन आणि गुळवेलीचा काढा घेऊ का? केस परत येतील का?

उत्तर : ताई, पूर्ण बंद करू नका. आणि बाकीचं उत्तर वाचण्याआधी दोन कामं आजच करा. ज्यांनी गोळ्या लिहून दिल्या त्या डॉक्टरांना फोन करून डोस अर्धा केल्याचं सांगा, आणि ते दुसरं काही सांगत नाहीत तोवर लिहून दिलेल्या २० मि.ग्रॅ. वर परत या. दुसरं, आजच जवळच्या लॅबमध्ये सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, करून घ्या. यातली दुसरी गोष्ट जास्त तातडीची आहे, आणि तिचा संबंध स्टिरॉइडशी नाही, अझाथायोप्रिनशी आहे.

अझाथायोप्रिन ही प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी शरीराबाहेर टाकण्याचं काम काही विशिष्ट एन्झाइम करतात. काही माणसांत जन्मतःच हे एन्झाइम कमजोर असतात आणि नेहमीचा डोसही त्यांना जास्त होतो. भारतीयांमध्ये ‘एनयूडीटी१५’ नावाच्या जनुकातला फरक यासाठी महत्त्वाचा ठरतो. अशा रुग्णांत गोळी सुरू केल्यापासून साधारण दोन ते सहा आठवड्यांत केस झपाट्याने गळायला लागतात आणि त्याच सुमारास रक्तातल्या पांढऱ्या पेशी कोसळतात. कधी केस आधी जातात, पेशी नंतर. म्हणजे या गोळीवर असताना अचानक वाढलेलं केसगळणं ही धोक्याची पहिली सूचना असू शकते. तुमची गोळी सुरू होऊन महिना झालाय आणि दहा दिवसांत गळणं दुप्पट झालंय. बहुतेक वेळा कारण साधंच निघतं, पण हे जुळणारं वेळापत्रक रिपोर्ट न पाहता सोडून देता येणार नाही.

सीबीसीमध्ये एकूण पांढऱ्या पेशी ४,००० च्या खाली किंवा त्यातल्या न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पेशी, १,५०० च्या खाली असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. जूनपासूनचे सगळे जुने रिपोर्ट सोबत ठेवा. ल्युपसमध्येही पांढऱ्या पेशी कमी असतात आणि प्रेडनिसोलोनने त्या वाढलेल्या दिसतात, त्यामुळे एकटा आकडा फसवू शकतो. मागच्या आकड्याच्या तुलनेत तो किती घसरला हे पाहायचं असतं. तोंडात फोड आले, घसा खूप दुखला किंवा ताप १००.४ च्या वर गेला तर रिपोर्टची वाट न बघता दवाखाना गाठा. एरवीही अझाथायोप्रिन सुरू केल्यावर पहिल्या महिन्यात दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला सीबीसी आणि यकृताची तपासणी, आणि पुढे दर दोन-तीन महिन्यांनी, असा क्रम असतो. तुमची अशी तपासणी झाली नसेल तर ती राहून गेली आहे असं समजा आणि स्पष्ट विचारा. याच डॉक्टरांना न विचारता युरिक ॲसिडसाठीची ॲलोप्युरिनॉल ही गोळीही कधी घेऊ नका. दोन्ही एकत्र आल्या की अझाथायोप्रिनचा परिणाम कित्येक पटींनी वाढतो.

आता प्रेडनिसोलोनबद्दल. मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी रोज कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड, तयार करतात. प्रेडनिसोलोनच्या मापात सांगायचं तर ५ मि.ग्रॅ.च्या आसपास. बाहेरून त्याहून जास्त औषध तीन आठवड्यांपेक्षा अधिक काळ येत राहिलं की या ग्रंथी काम थांबवतात. तुम्हाला चार महिने झालेत. अशा वेळी गोळी एकदम बंद झाली तर ग्रंथी लगेच जाग्या होत नाहीत, त्यांना काही आठवडे, कधी काही महिने लागतात. मधल्या काळात प्रचंड थकवा, उलट्या, पोटदुखी, रक्तदाब घसरणं, साखर आणि सोडियम खाली येणं असं होतं, आणि ताप किंवा जुलाब झाले तर जीवावर बेतू शकतं. १० मि.ग्रॅ. शरीराच्या रोजच्या गरजेपेक्षा जास्त आहे, त्यामुळे गोळी अर्धी केल्याने हा धोका लगेच उभा राहात नाही. पण ल्युपसला दाबून ठेवायला ती पुरेल का, हा प्रश्न वेगळा आहे. अझाथायोप्रिनचा पूर्ण गुण यायला दोन-तीन महिने लागतात; तोवर किल्ला प्रेडनिसोलोनच लढवत असतं. तुमच्या प्लेटलेट ३८ हजारांवर गेल्या होत्या. अंगावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, हिरड्यांतून रक्त, पाळीत पुन्हा जास्त स्राव, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दाखवा.

डोस कमी करायचाच असतो. तुमच्या डॉक्टरांनी ४० वरून २० आणलाच आहे. पुढे साधारण दर एक-दोन आठवड्यांनी अडीच मि.ग्रॅ. आणि १० च्या खाली गेल्यावर दर दोन ते चार आठवड्यांनी १ मि.ग्रॅ. अशा पायऱ्या असतात. ल्युपसमध्ये शेवटी ५ मि.ग्रॅ. किंवा त्याच्या खाली यायचं आणि जमलं तर पूर्ण थांबायचं, हे उद्दिष्ट सध्या सगळीकडे ठेवलं जातं. अझाथायोप्रिन जोडली आहे तीच मुळी प्रेडनिसोलोन कमी करता यावं म्हणून. तेव्हा तुम्हाला जे हवंय, तेच डॉक्टरांनाही हवं आहे. फक्त घाई नको.

मग केस कशाने गळतायत? तारखा मांडून बघा. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. त्यातले नव्वद टक्क्यांच्या आसपास वाढीच्या अवस्थेत आणि दहा टक्के, म्हणजे दहा हजार, विश्रांतीत असतात. विश्रांती तीनेक महिने चालते आणि मग तो केस गळून खालून नवा येतो. दहा हजार भागिले शंभर दिवस, म्हणजे रोज शंभरेक केस गळणं निरोगी माणसातही ठरलेलंच. मोठा ताप, ऑपरेशन, बाळंतपण, डेंग्यू, चिकुनगुन्या, कोविड, खूप रक्तस्राव, उपासमार असा धक्का बसला की वाढीतले पुष्कळ केस एकाच वेळी विश्रांतीत जातात. ते त्या दिवशी गळत नाहीत. दोन ते तीन महिन्यांनी गळतात, आणि तोपर्यंत माणूस तो ताप विसरून सध्या चालू असलेल्या गोळीकडे बोट दाखवायला लागतो.

तुमचा ताप मे अखेरीस सुरू झाला, जूनमध्ये दवाखान्यात होतात. त्यात अडीच महिने मिळवा, ऑगस्टचा मध्य येतो. हे केस गळायचं ठरलं ते प्रेडनिसोलोनची पहिली गोळी पोटात जाण्याच्या सुमारास किंवा त्याआधीच. शिवाय ल्युपस स्वतःच केस घालवतो. निदानासाठी २०१९ मध्ये ठरलेल्या आंतरराष्ट्रीय निकषांत व्रण न ठेवता केस गळणं हे ल्युपसचं एक लक्षण म्हणून मोजलं जातं. आजार भरात असताना कपाळाच्या कडेचे केस आखूड, राठ आणि तुटके होतात. आजार शमला की ते सुधारतात. म्हणजे ज्या गोळीने तुमचा आजार शमवला, ती केसांच्या बाजूनेच लढते आहे.

स्टिरॉइडने केस अजिबात गळत नाहीत, असं मात्र म्हणता येणार नाही. जास्त डोस बराच काळ चालला तर काहींच्या डोक्यावरचे केस विरळ होतात, आणि ते डोस उतरल्यावर भरून येतात. पण ४० मि.ग्रॅ.वर चार महिन्यांत फक्त स्टिरॉइडने टक्कल पडणं, हे सहसा होत नाही. जास्त वेळा दिसतं ते उलटं : गालांवर, कानांसमोर, वरच्या ओठावर लव वाढते. तुमच्या बाबतीत तेच झालंय.

भावाचं प्रकरण पूर्ण वेगळं आहे. जिममध्ये स्नायू फुगवण्यासाठी टेस्टोस्टेरॉन, स्टॅनोझोलॉल अशी जी औषधं टोचली किंवा गिळली जातात ती पुरुषी संप्रेरकाच्या घराण्यातली. ज्यांच्या घरात टकलाचा वारसा आहे त्यांच्या कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतली आणि माथ्यावरची मुळं या संप्रेरकांनी बारीक होत जातात, आणि औषध थांबवलं तरी गेलेले केस सगळे परत येतीलच असं नाही. तुमचं प्रेडनिसोलोन कॉर्टिसॉलच्या घराण्यातलं. ते हे करत नाही. भावाला एवढंच सांगा की ती इंजेक्शनं थांबवताना एंडोक्रायनॉलॉजिस्टना, म्हणजे संप्रेरकांच्या डॉक्टरांना, भेटायला हवं, कारण त्या काळात शरीरातलं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन आणि शुक्रजंतू दोन्ही तळाला गेलेले असतात, आणि मनही खचतं.

कॉर्टिसॉलच्या घराण्यातलं स्टिरॉइड केसांचं शत्रू नाही याचा पुरावा त्वचारोगतज्ज्ञांच्या रोजच्या कामात आहे. चाई पडते तेव्हा शरीराच्याच पेशी केसाच्या मुळाभोवती गोळा होऊन त्याच्यावर हल्ला करतात. तिथे ट्रायॅमसिनोलोन हे स्टिरॉइड थेट टाळूत टोचतात. बाटलीतलं १० मि.ग्रॅ. प्रति मि.ली.चं औषध सलाईनने निम्मं पातळ करून इन्सुलिनच्या बारीक सुईने दर सेंटिमीटरवर ०.०५ ते ०.१ मि.ली. सोडतात आणि दर चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा देतात. गुण येणार असेल तर एक-दोन महिन्यांत मऊ केस दिसायला लागतात. सहा महिन्यांत काहीच आलं नाही तर थांबतात. सुई फार वर राहिली किंवा औषध दाट ठेवलं तर त्या जागी त्वचेला खळगा पडतो, तो बहुधा काही महिन्यांत भरतो. हे सविस्तर सांगतोय त्याचं कारण असं की ल्युपसच्या रुग्णालाही चाई पडू शकते, आणि ‘माझं तर स्टिरॉइड चालूच आहे, आणखी डोक्यात कशाला’ म्हणून पुष्कळजण नको म्हणतात. एका जागी टोचलेला तो थोडासा डोस पोटातल्या गोळीपेक्षा फार कमी आहे.

घरच्या घरी काय पाहायचं ते सांगतो. घरातच, खिडकीच्या उजेडाकडे पाठ करून कोणाला तरी सगळी टाळू बघायला सांगा. सगळीकडे सारखं विरळ असेल, त्वचा स्वच्छ असेल, तर धक्क्यानंतरचं गळणं असण्याची शक्यता मोठी. गुळगुळीत, गोल, नाण्याएवढी रिकामी जागा असेल तर ती चाई. पण लालसर किंवा जांभळट चट्टा, त्यावर चिकटलेले पापुद्रे, मधोमध पांढुरकी ताणलेली त्वचा आणि तिथे केसांची छिद्रंच दिसत नाहीत असं असेल, तर तो डिस्कॉइड ल्युपस, म्हणजे त्वचेवर व्रण पाडणारा ल्युपसचा प्रकार, असू शकतो. तिथे मूळ जळून जातं आणि केस कायमचे जातात. त्यासाठी आठवड्याच्या आत त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. तिघांतला हाच एक असा आहे की उशीर केल्याची भरपाई होत नाही.

मग गुंतवळातले दहा-बारा केस वेगळे काढून गडद कापडावर ठेवा आणि मुळाकडचं टोक बघा. टोकाला पांढरा बारीक गोळा दिसेल तर तो विश्रांतीतून सुटलेला केस. पुष्कळ बायका तो गोळा पाहून ‘मुळापासून निघाला’ म्हणून हबकतात, पण मूळ त्वचेत शाबूत असतं आणि नवा केस तिथूनच येतो. टोक गोळ्याविना, निमुळतं होत तुटल्यासारखं असेल आणि असे केस बरेच असतील, तर वाढीतला केस औषधाने तुटतोय. ही गोष्ट अझाथायोप्रिनच्या संशयात भर घालते, डॉक्टरांना आवर्जून सांगा. मोजणी करायचीच तर न्हाण्याच्या दिवसाची करू नका. तीन दिवसांनी न्हालं की तीन दिवसांचे सुटलेले केस एकदम येतात, दोन-तीनशे दिसले तरी तो आकडा रोजचा नसतो. आणि केस जातील या भीतीने न्हाणं लांबवू नका; सुटलेला केस आज नाही तर परवा पडणारच.

सीबीसीबरोबर आणखी काही तपासण्या एकाच वेळी करून घ्या : फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइड), जीवनसत्त्व डी, बी१२, लघवीची तपासणी. तुमच्या बाबतीत फेरिटिन मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. प्लेटलेट कमी असताना पाळीत खूप रक्त गेलंय, म्हणजे लोहाचा साठा रिकामा झालेला असण्याची शक्यता मोठी, आणि केस गळण्याचं ते सर्रास दिसणारं, बरं होणारं कारण आहे. हिमोग्लोबिन ११-१२ असूनही साठा तळाला असू शकतो. फेरिटिन ३० च्या खाली असेल तर लोह हवंच. पण अंगात सूज असताना फेरिटिन खोटं वर दिसतं, म्हणून ५०-६० आलं तरी खूश होऊ नका. ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात लोह वाहून नेणारं प्रथिन किती भरलेलं आहे ते) २० टक्क्यांच्या खाली आहे का ते विचारा. लोहाची गोळी दिली तर ती कॅल्शियमच्या गोळीबरोबर कधीही घेऊ नका. स्टिरॉइडमुळे हाडं झिजू नयेत म्हणून तुम्हाला कॅल्शियम चालू असणार, आणि दोन्ही एकत्र गेलं की लोह शोषलंच जात नाही. लोह रिकाम्या पोटी लिंबूपाण्याबरोबर, चहा त्यानंतर तासाभराने, कॅल्शियम रात्रीच्या जेवणाबरोबर. रोज सोसत नसेल तर एक दिवसाआड घेतलं तरी चालतं, शोषण चांगलं होतं.

बायोटिन घेऊ नका. शरीराला दिवसाला ३० मायक्रोग्रॅम लागतं आणि ते जेवणातून मिळतं. केसांच्या गोळीत ते १० मि.ग्रॅ. म्हणजे तीनशे पटींहून जास्त असतं, आणि कमतरता नसलेल्या माणसाला त्याने फायदा झाल्याचा पुरावा नाही. नुकसान मात्र होतं : अनेक लॅबच्या यंत्रांत बायोटिनमुळे थायरॉइडचे आकडे चुकतात, आणि हृदयविकाराचा झटका ओळखणारी ट्रोपोनिनची तपासणी खोटी नॉर्मल येऊ शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल इशारा दिला होता. आधीच चालू केलं असेल तर तपासणीच्या तीन दिवस आधी थांबवा आणि लॅबमध्ये सांगा. ‘केस-त्वचा-नखं’ अशा नावाने मिळणाऱ्या एकत्रित गोळ्यांमध्ये सेलेनियम आणि जीवनसत्त्व ए असतात, आणि ही दोन्ही जास्त झाली तर केस गळतात. २०२५ च्या जानेवारीत बुलढाण्यातल्या शेगाव तालुक्यात गावंच्या गावं केसगळतीने घाबरली होती, तेव्हा डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियमकडे लक्ष वेधलं होतं. प्रौढ माणसाला दिवसाला ५५ मायक्रोग्रॅम सेलेनियम पुरतं, ४०० च्या वर ते घातक.

गुळवेलीचा काढा तर तुम्ही हातही लावू नका. ती प्रतिकारशक्ती चेतवते म्हणून घेतात, आणि तुमच्या आजारात चेतलेली प्रतिकारशक्तीच शरीरावर उलटली आहे. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या रुग्णांची नोंद केली होती, आणि अझाथायोप्रिनचा भारही यकृतावरच असतो. अल्फाल्फाच्या (लसूणघासाच्या) गोळ्या आणि मोड आलेलं अल्फाल्फा यांनीही ल्युपस उसळू शकतो. कांद्याचा रस टाळूला झोंबतो, आणि स्टिरॉइडने पातळ झालेल्या त्वचेवर पुरळ उठवतो. काळ्या मेंदीत आणि काळ्या डायमध्ये पीपीडी नावाचं रसायन असतं, त्याचीही ॲलर्जी होते. खोबरेल किंवा साधं तेल लावायला हरकत नाही, पण कोमट न करता, हलक्या हाताने, न्हाण्याच्या तासभर आधी. कोंडा असेल तर रात्रभर ठेवू नका. जोरात चंपी केली की सुटायच्या बेतातले केस त्याच दिवशी हातात येतात आणि जीव घाबरतो. ओळखीच्या मेडिकलमधून डोक्याला लावायचं स्टिरॉइडचं लोशन किंवा मलम स्वतःहून आणू नका. नायटा असेल तर त्याखाली तो पसरत जातो.

मिनॉक्सिडिल या केस वाढवण्याच्या औषधाची घाई सध्या नको. या प्रकारचं गळणं त्याच्याविना थांबतं, सुरुवातीच्या काही आठवड्यांत त्याने गळणं आणखी वाढतं, आणि गालांवरची लव वाढू शकते; ती तुम्हाला आधीच त्रास देते आहे. गळणं सहा महिन्यांनीही चालू राहिलं किंवा भांगाभोवती वारशाने येणारा विरळपणा असल्याचं त्वचारोगतज्ज्ञांनी सांगितलं, तर विचार करता येईल. गर्भ राहण्याची शक्यता असेल तर ते टाळायचं.

चेहऱ्याची सूज म्हणजे बऱ्याच अंशी गालांत सरकलेली चरबी आहे. प्रेडनिसोलोन १० च्या खाली गेल्यावर हळूहळू उतरते, पूर्ण जायला काही महिने घेते. मीठ कमी करा. लोणचं, पापड, चिवडा, फरसाण यांतलं मीठ मोजत नाही आपण, पण तेच सगळ्यांत जास्त. लव थ्रेडिंगने किंवा चेहऱ्यासाठीच्या छोट्या रेझरने काढायला हरकत नाही, रेझरने केस दाट होतात हे खरं नाही. वॅक्स मात्र नको, त्वचा पातळ असल्याने सालटी निघतात. ब्लीचही सध्या टाळा.

वजन वाढतंय म्हणून जेवण तोडू नका, हे मी कळकळीने सांगतोय. स्टिरॉइडने भूक लागते, बायका घाबरून रात्रीचं जेवण सोडतात, आठवड्यात दोन उपास करतात, आणि तीन महिन्यांनी त्या उपासांचेच केस गळायला लागतात. वजनाच्या दर किलोला एक ग्रॅम प्रथिनं रोज पोटात जायला हवीत. ५५ किलो असाल तर ५५ ग्रॅम. दोन अंड्यांत १२, शंभर ग्रॅम पनीरमध्ये १८, मूठभर शेंगदाण्यांत ७-८, ग्लासभर दुधात ६-७, वाटीभर घट्ट वरणात ६-७. कमी करायचं ते साखर, मैदा, बेकरी, तळण. प्रेडनिसोलोन सकाळी नाश्त्यानंतर घ्या, उशिरा घेतलं तर झोप उडते. साखर तपासताना उपाशीपोटीची नॉर्मल आली म्हणून निश्चिंत राहू नका, सकाळच्या गोळीने साखर वाढते ती दुपारी आणि संध्याकाळी, म्हणून दुपारच्या जेवणानंतर दोन तासांची बघा.

रुंद झालेल्या भांगातून आता ऊन थेट टाळूवर पडतं, आणि ल्युपसला ऊन चालत नाही. बाहेर पडताना डोक्यावर ओढणी किंवा टोपी, चेहऱ्याला आणि मानेला एसपीएफ ३० च्या वरचं सनस्क्रीन दर तीन तासांनी. भांग रोज थोडा सरकवा. आंबाडा सैल, वेणी सैल. विंचरताना मोठ्या दातांचा कंगवा टोकांकडून वर. स्मूदनिंग, केराटिन, कलरिंग सहा महिने बंद. केस खांद्यापर्यंत कापून घेतलेत तर दाट दिसतील आणि गुंता कमी होईल; कापल्याने वाढ मात्र बदलत नाही, तो फक्त दिसण्याचा उपाय आहे.

केस परत येतील का, हे तुम्ही शेवटी विचारलंत. सीबीसी ठीक असेल, टाळूवर व्रण नसेल, लोह भरून काढलं आणि ल्युपस शांत राहिला, तर हो. असं गळणं सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत बहुधा थांबतं, म्हणजे फेब्रुवारीच्या आसपास. अझाथायोप्रिनमुळे किंवा आजार पुन्हा उसळल्यामुळे थोडं लांबू शकतं. यात पूर्ण टक्कल पडत नाही. गळणं कमी होत असतानाच कपाळाच्या कडेला आखूड, ताठ, दबून न बसणारे केस दिसायला लागतात, ते नवे. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे वेणीची जाडी पूर्ववत व्हायला दीड-दोन वर्षं लागतील. त्या काळात रोज आरशात बघून अंदाज बांधू नका. दर महिन्याच्या एक तारखेला, त्याच खिडकीपाशी, केस कोरडे असताना, मधला भांग पाडून एक फोटो वरून आणि एक समोरून काढा, आणि पुढच्या भेटीत गोळ्यांच्या तारखांसह डॉक्टरांपुढे ठेवा. तोवर पर्समध्ये एक चिठ्ठी असू द्या : ‘मी जूनपासून प्रेडनिसोलोन घेते, ते अचानक बंद करू नये.’ दात काढायचा असो, ऑपरेशन असो की अपघात, पहिल्यांदा ती दाखवायची. आणि उलट्यांमुळे गोळी पोटात टिकतच नसेल तर घरी वाट बघत बसू नका, तेव्हा स्टिरॉइड इंजेक्शनने द्यावं लागतं.